सरकारी खोकी

आमच्या कारखान्यात कोरोनाची लस तयार होत नव्हती. ती दुसरीकडून थंडगार गाडीत बसून यायची, बिनलेबलाच्या कुप्यांत. पेडण्यात आम्ही तिला फक्त लेबल लावायचो आणि खोक्यात घालायचो. खोकी दोन तऱ्हेची. एकावर लाल अक्षरांत ‘सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही’, दुसऱ्यावर किंमत. आत कुपी तीच, औषध तेच, थेंबाचा फरक नाही. खोक्यावर छापायचं मशीन माझ्याकडे होतं. सोळा वर्षं त्या खात्यात काढल्यावर नवलबिवल काही वाटत नाही.

एक तऱ्हा संपवून दुसरी सुरू करायची तर आधी लाइन साफ करायची. मशीनखाली, पट्ट्याच्या फटीत, कचऱ्याच्या डब्यात, कुठेही आधीचं एक खोकं राहता कामा नये. दोघींनी वाकून बघायचं आणि दोघींनी सही करायची. त्या बाबतीत मी भारी खडूस. नव्या पोरी पाठीमागे मला सासूबाई म्हणायच्या. म्हणू देत.

माझा थोरला भाऊ कारापूरला. घराला लागूनच त्याचं दुकान, साखर, चहापूड, काडेपेट्या, सकाळचे पाव. तोंडाचा फटकळ आणि हाताचा घट्ट. पंचेचाळीस पुरी व्हायला त्याला काही महिने कमी होते, म्हणून फुकटच्या रांगेत त्याला कोणी घेईना. आम्हा कामगारांना कंपनीने आधीच टोचलं होतं. घरच्यांसाठी फॉर्म होता, त्यात नवरा, मुलं, आईवडील. भावाचा रकानाच नव्हता.

मग ठरलं की त्याच्या वयाच्यांसाठी राज्याने लस विकत घ्यायची. केंद्राला एक दर, राज्याला दुसरा, खाजगी इस्पितळाला तिसरा. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो फोनवर खो खो हसला. म्हणाला, “आपलें वेगळें राज्य झालें म्हणून शाळेंत लाडू खाल्ले मगो आपण, आतां भोगा!”

म्हापशाच्या एका खाजगी इस्पितळात पैसे भरून लस मिळत होती. त्याच्या घरात टोचायची माणसं चार, तो, वहिनी आणि दोन मोठ्या मुली. त्याने मला विचारलं, “घेऊं काय पैसे भरून, काय रावूं?”

“राव,” मी म्हटलं. “आठ दिवसांत येतली. आज माझ्या डोळ्यांनी बघितलंय, शीतगृहात सरकारी खोकी छतापर्यंत लागलीत.”

मी कंपनीत, म्हणजे माझा शब्द त्याला ब्रह्मवाक्य. दुकानात पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत सुटला, आमची बाय सांगता, आठ दिवस कळ काढा. ती खोकी कुठल्या राज्याची, त्यांचा दर ठरलाय की नाही, मला काडीचं ठाऊक नव्हतं. मला लाल अक्षरं ठाऊक. बाहेरचा माणूस निदान चार ठिकाणी विचारतो. मी खोकं बघितलं आणि माल कारापूरजवळच्या साखळी गावच्या आरोग्य केंद्रात पोचलाच असं धरून चालले.

आठवा दिवस उजाडला तेव्हा खोकी तिथेच होती. सुपरवायझर आला आणि म्हणाला, “दर जमला नाही. ऑर्डर फिरली. सगळी उघडा आणि किंमतवाल्या खोक्यांत भरा.”

आम्ही उघडली. सील कापायचं, कुपी काढायची, लाल अक्षरांचं खोकं फाडून गोणीत टाकायचं, कुपी नव्या खोक्यात. माझं मशीन किंमत छापत होतं. मला राग आला असं सांगायला आवडलं असतं, पण खोटं कशाला बोलू? काही वाटलं नाही. हात चालत होते. कँटीनला कसलीशी उसळ होती, ती मी दुसऱ्यांदा मागून घेतली. शेवटी वाकून बघितलं. पट्ट्याखाली एक लाल खोकं अडकलं होतं, तेही ओढून काढलं. आधीचं एकही उरलेलं नाही, अशी सही केली.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये होते. धारगळच्या अलीकडे भावाचा फोन आला.

“आयली गो?”

“येतली.”

“नक्की मगो?”

“अरे नक्की म्हणते ना! किती वेळा विचारशील?”

“बरें,” म्हणाला आणि ठेवला.

कारखान्यातलं बाहेर बोलायचं नाही असा कागद आमच्याकडून लिहून घेतला होता. पण त्या कागदाला मी भ्याले नव्हते. अख्ख्या गावाला त्याने माझं नाव घेऊन सांगून ठेवलं होतं, आणि आता ते माघारी घ्यायची मला लाज वाटली. इतकंच. दुसरी खोकी येतील, मी मनात म्हटलं.

दुसऱ्याच आठवड्यात त्याला ताप आला. चार दिवस घरी, मग इस्पितळ, मग ऑक्सिजन. व्हिडिओवर एकदा दिसला, मास्कच्या आतून काहीतरी म्हणाला, ते कळलं नाही. सहाव्या दिवशी गेला. प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणला, घरी नाही, थेट स्मशानात. मी रस्त्यावर उभी राहून लांबून बघितलं. रडू आलं नाही. तिसऱ्या दिवशी कामावर गेले, सही करून मशीन ताब्यात घेतलं.

लाल अक्षरांची खोकी साखळीला पोचली ती पावसाळा अर्धा सरल्यावर. वहिनीला मीच घेऊन गेले. टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, तशी आम्ही बाकावर बसलो होतो. समोरच्या टेबलावर माझ्या मशीनची छपाई असलेलं खोकं उघडं पडलं होतं. ती दंडावर कापूस दाबून बसली होती. मग सहज बोलावं तशी म्हणाली, “म्हापश्याक आमचो चौघांचो नंबर लागिल्लो गो. पैसेय भरिल्ले. दुसऱ्या दिसा सकाळीं टोचूंक वचपाचें. सांजेर तुका फोन केलो आनी मागीर हांसत म्हणाले, रद्द कर, बाय नक्की म्हणता.”

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर कसलाच आरोप नव्हता.

“तुजेर भारी विश्वास तांचो,” ती म्हणाली.

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तिच्या हातातला कापूस घेतला, डब्यात टाकला आणि म्हटलं, “हात हलवत रहा, नाहीतर उद्या दुखेल.”