काऊन म्हणणारा राक्षस

आमच्या आष्टीकडच्या नत्थू मडावीचं सांगतो. जन्मभर जंगलात तेंदूपत्ता तोडला, अस्वलासमोरून चालत आला, पण सिनेमात राक्षस मेला की गडी जेवत नसे. हसू नका, खरं आहे.

नात रक्षा मोबाइलवर जुने इंग्रजी सिनेमे लावून देई. त्यांत राक्षस कधी उडत्या तबकडीतून उतरलेला, कधी तळ्यातून निघालेला खवल्याखवल्यांचा. सगळे त्याच्यामागे बंदुका घेऊन. नत्थूला इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण त्याने शोध लावला होता. राक्षस गुरगुरतो, ते म्हणे आपलं वऱ्हाडी 'काऊन' आहे. का मारता, असं विचारतो तो.

बायको रुखमा म्हणाली, "इंग्रजी राक्षस वऱ्हाडी कसा बोलन?"

"मार खाताना कोनाले इंग्रजी आठवते?" नत्थू म्हणाला. गावभर हसलो आम्ही.

गेल्या उन्हाळ्यात मोबाइलवर बातमी फिरली, पोरं पळवणारे आले आहेत म्हणून. त्यातच एका दुपारी हातपंपावर परका माणूस आला. ताडासारखा उंच, चेहरा जळून ओघळलेला. तिथं पाय घसरून पडलेल्या, गावातल्याच भावनाच्या पोरीला त्याने उचललं. पोरगी तो चेहरा पाहून किंचाळली.

झालं. बैलाच्या दोरानं त्याला निंबाला बांधला आणि काठ्या सुरू झाल्या. त्याच्या तोंडून शब्द निघेना, नुसती गुरगुर. पाहा कसा गुरगुरते, म्हणत लोक आणखी पेटले.

नत्थू धावत आला आणि त्या माणसाला मिठी मारून उभा राहिला. एकेकाचं नाव घेऊन हात जोडले त्याने. भावना ओरडून सांगत होती, पोरगी आपणहून पडली. पण ऐकतो कोण? पहिली काठी नत्थूच्या खांद्यावर बसली, दुसरी कानावर. रक्त गळ्यात उतरलं.

समोर गावातलाच लक्ष्मणराव होता, काठी उगारलेली. नत्थू त्याला म्हणाला, "लक्ष्मणराव, तो काऊन म्हणून राह्यला. तू सांग न त्याले, काऊन ते."

लक्ष्मणरावाचा हात तिथंच थांबला. मागच्यांनी मात्र हात आवरला नाही. नत्थू पाठ वाकवून झेलत राहिला, 'सांगा न, कोनी तरी सांगा न' म्हणत. पोलीसपाटील पुंडलिकरावांनी फोन केला होता, पण पोलिसांची जीप येईस्तोवर परका दोरात लोंबकळत होता आणि नत्थू त्याच्या अंगावर.

दोर कापला, तरी परक्याची मूठ नत्थूच्या मनगटावरून सुटेना. शिपायाने बोटं सोडवून पाहिली. नाहीच. मग दोघांनाही एकत्रच जीपमध्ये घातलं. त्या माणसाचा श्वास घशात अडकत होता.

"माह्या मानसाले कुठं नेऊन राह्यले?" रुखमाने विचारलं.

सेवाग्रामच्या दवाखान्यात, शिपाई म्हणाला.

रुखमाने खाली पडलेल्या नत्थूच्या चपला उचलल्या, जीपमध्ये चढली आणि आपल्या पदराने आधी त्या परक्याचं तोंड पुसू लागली.