गाठ नसलेली टोपी

ओप्पिया टोप्या करायची, पण तिचं नाव होतं ते एकाच डोक्यामुळे. ते डोकं ज्युपिटरच्या पुजाऱ्याचं. पांढऱ्या कातड्याची टोपी, तिच्या शेंड्यावर ऑलिव्हची काडी आणि काडीभोवती लोकर. या पुजाऱ्याच्या अंगावर कुठेही गाठ चालत नाही, म्हणून ती काडी गाठ न मारता बसवायची आणि तरी ती हलता कामा नये. ओप्पिया लोकरीचं टोक वेढ्याखाली असं दडवायची की शोधणाऱ्याची नखं झिजावीत. रोमच्या सुबुरा वस्तीतल्या बायका तिला चिडवायच्या, "लग्नगाठ तरी मारली होतीस का गं?"

"नाही ना. म्हणूनच तर निसटून गेला मेला," ती म्हणायची.

पुढे पुढे तिनं असं बोलणं सोडलं. तिचा मुलगा दामा गेला तेव्हापासून.

ओप्पिया स्वतः गुलामीतून सुटली होती, पण दामा जन्मला तेव्हा ती गुलामच होती, त्यामुळे बावीस वर्षांचा झाला तरी तो मालकाचाच राहिला. एक दिवस मालकाचा काशाचा दिवा हरवला आणि आळ दामावर आला. हात बांधून त्याला फटक्यांसाठी बाजारातून नेत होते. ओप्पिया लोकरीची टोपली काखेत धरून मागून धावत होती. तेवढ्यात समोरून ज्युपिटरचा पुजारी फोलियुस आला. फटक्यांसाठी नेल्या जाणाऱ्या माणसानं या पुजाऱ्याचे पाय धरले, तर त्या दिवशी त्याच्यावर चाबूक उचलता येत नाही. राजांच्या काळापासूनचा नियम आहे हा. राजे गेले, तरी नियम राहिला.

दामानं रखवालदारांना हिसडा दिला आणि बांधल्या हातांनी झेप घेतली. फोलियुसनं पाय मागे घेतले. दोनच पावलं. "चल बाबा, जेवायला उशीर होतोय," तो आपल्या सेवकाला म्हणाला आणि बाजूच्या बोळात वळला. दामाची बोटं दगडावर आपटली.

फटके खाऊन संध्याकाळपर्यंत तो मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा मालकाच्याच पलंगाखाली सापडला. एक दिवस मिळाला असता तर ओप्पियाचा मुलगा जगला असता, आणि तो एक दिवस त्या माणसाच्या पायाशी होता.

तरीही ती त्याची टोपी करत राहिली. शेजारणी म्हणाल्या, बाई मोठ्या मनाची. कसलं मन आणि कसलं काय, ती दबा धरून बसली होती. बळी देताना या पुजाऱ्याच्या डोक्यावरून टोपी पडली, तर त्याचं पद तिथल्या तिथे जातं. पण टोपी धरून ठेवतो तो हनुवटीखालचा पट्टा, आणि पट्ट्याचं काम एका म्हाताऱ्या चांभाराकडे होतं. तो काही दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. ओप्पियानं सहा वर्षं त्याच्या मरणाची वाट पाहिली. सहाव्या हिवाळ्यात तो खोकून खोकून गेला, आणि पट्ट्यासकट टोपी तिच्या दुकानात आली.

ती घेऊन आला पुजाऱ्याचा सेवक हेलेनुस. त्यानं दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसला.

"बाई, यंदा पट्टा जरा सैल ठेवायचा."

"किती सैल?"

"मान वाकवली की निघून यावा, इतका."

ओप्पियाच्या हातातली सुई थांबली. "टोपी पडली तर महाराजांचं पद जाईल."

"जाऊ दे की! तेच तर हवंय." हेलेनुसनं आवाज खाली आणला. "अहो, एकोणिसाव्या वर्षी धरून बसवलंय त्यांना या गादीवर. घोड्यावर बसायचं नाही, सैन्य बघायचं नाही, शेंगा खायच्या नाहीत. एक रात्रसुद्धा शहराबाहेर झोपायची चोरी. आता थोरले बंधू फौज घेऊन हिस्पानियाच्या मोहिमेवर निघालेत, म्हणतात तूही चल. पण टोपी डोक्यावर आहे तोवर कसे जाणार? स्वतः काढून टाकली तर देव कोपेल, लोक दगड मारतील. आपोआप पडली तर कुणाचा दोष? तुम्ही मागाल ते मिळेल."

ओप्पियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं जी शिक्षा तिनं मनात घोळवली होती, ती त्याची सुटका निघाली. तिनं पट्टा सैल केला असता तर तो माणूस घोड्यावर बसून, शेंगा चघळत निघून गेला असता, आणि वर तिला दुवाही दिला असता. केवढी मूर्ख होते मी, तिला वाटलं. मग तिला हसू आलं, बऱ्याच वर्षांनी.

"होईल काम," ती म्हणाली. "महाराजांना सांगा, निर्धास्त राहा."

तो गेल्यावर तिनं पट्ट्याचं जुनं चामडं फेकून दिलं. बैलाच्या पाठीचं नवं घेतलं, दुहेरी शिवलं, आणि बटणाचं घर इतकं घट्ट ठेवलं की बटण आत जाईल, पण सहजी बाहेर येणार नाही. गाठ कुठेच नव्हती. पण आता गाठ ओप्पियाशी होती.

महिन्याच्या मध्याला पांढरी मेंढी घेऊन मिरवणूक ज्युपिटरच्या देवळाच्या टेकडीवर चढली. ओप्पिया पुढेच उभी होती. बासरीवाला वाजवत होता, वाराही होता. फोलियुस वेदीवर वाकला आणि त्यानं मान झटकली. टोपी हलली नाही. तो आणखी खाली वाकला, डावीकडे झटकली, उजवीकडे झटकली.

"बघा, कसा तल्लीन झालाय," मागून एक म्हातारा म्हणाला.

फोलियुसनं अकरा वेळा मान हलवली. ओप्पियानं मोजलं. पुढे गावभर झालं की इतका भक्तिमान पुजारी शंभर वर्षांत झाला नाही. ओप्पियाला कुणी टोपी घालू शकलं नाही, तिनं मात्र पुजाऱ्याला बरोबर घातली.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः दुकानात आला. छपराखाली त्याला टोपी काढायची मुभा होती. बटणाशी बराच वेळ झटापट करून त्यानं ती काढली आणि फळीवर आपटली. हनुवटीखाली लाल वळ उठला होता.

"बंधूंची फौज आज पहाटे निघाली," तो म्हणाला. "मी तुझं काय वाकडं केलं होतं गं?"

"दामा आठवतो?"

"कोण दामा?"

"बाजारात तुमच्या पायाशी पडायला आला होता. हात बांधलेले. तुम्ही मागे सरलात."

फोलियुसनं कपाळाला आठ्या घातल्या. तो खरंच आठवत होता, आणि त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याच्या या विसरण्याचा राग ओप्पियाला दामाच्या मरणाइतकाच ताजा वाटला. तिनं टोपी उचलली, धूळ झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवून पट्टा लावला. बटण टक्कन बसलं.

"आठवा सावकाश, महाराज," ती म्हणाली. "आता कुठं जायचंय तुम्हाला?"