शनिवारचं गार बिरडं

फ्रिजमधून काढलेल्या वालाच्या बिरड्याला नारळाच्या रसाचा गोडसर वास येतो. तो आला की मी अलिबागच्या इस्राएल आळीत जाऊन पोचते.

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेजजवळच्या त्या जुन्या ज्यू वस्तीतल्या एका घराचा नकाशा सोमवारी द्यायचा होता. अनोळखी दार वाजवायचा मला संकोच, त्यात इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी मोडकं. आळीत नुसत्या फेऱ्या मारून शेवटी एका ओटीवर चढले आणि न विचारताच टेप उघडली.

आतून एक मावशी आल्या. "काय गं, आज शनवार ना, आमचा शब्बाथ? आज हितं मोजमाप न्हाय, लिहिणं न्हाय. चूलसुद्धा बंद."

"सॉरी, मी... मी जाते."

"जाते काय? कालचं बिरडं हाय. गार चालंल, का मुंबईची हायस?"

टेप पिशवीत गेली. हात रिकामे, म्हणून नीट बघितलं. दाराच्या चौकटीवर एक तिरपी नळी होती. आत-बाहेर करताना मावशी तिला बोटं लावून मग तीच बोटं ओठांना टेकवायच्या. मी त्याबद्दल विचारलं, तर आत देवाच्या वचनांची गुंडाळी असते म्हणाल्या; मग बाकी घराबद्दलही विचारत गेले.

तेव्हा वाटलं, दिवस फुकट गेला. रविवारी परत गेले, तेव्हा मात्र टेपचं दुसरं टोक मावशींनीच धरलं.

आता जुनी घरं मोजणं हेच माझं काम आहे. पहिल्या दिवशी मी टेप नेत नाही.

"मॅम, मग आज करायचं काय?" ज्युनिअर विचारते.

"बसायचं," मी म्हणते. "आणि देतील ते खायचं."