डबीत पाहणाऱ्या माणसाचा संसार

लोकांच्या घरी सहलीचे फोटो साठतात. आमच्या घरी भीती साठली. चार बायका जमल्या की कोणीतरी म्हणतेच, "मास्तरीणबाई, तो अस्वलाचा किस्सा सांगा नं." आणि एक सांगितला की दुसरा आपोआप निघतो.

हे चांद्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी यांनी नागपूरहून सेकंडहँड बॉक्स कॅमेरा आणला. मग सुट्टी आली की गाडीवान सोनबाची रेंगी जुंपायची आणि मला न् आमच्या पोरीला, मंदीला, जंगलात न्यायचं. रेंगी म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी. वाघ आला तर ती किती पळणार, हा विचार फक्त मीच करायची.

*

हा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत पाहायचं असतं. त्यात सगळं एवढंएवढंसं आणि लांब दिसतं. पोंभुर्ण्याच्या वाटेवर मोहाखाली एक अस्वल फुलं खात होतं. हे खाली मान घालून त्याच्याकडे चालू लागले. मी दबक्या आवाजात म्हटलं, "अहो, पुरे." तर म्हणतात, "थांब नं, लांब हाय अजून."

अस्वलानं तोंड वर केलं.

सोनबा बैलांचा कासरा घट्ट धरून म्हणाला, "मास्तर, डबीत नोका पाहू. समोर पाहा."

यांनी पाहिलं. त्यानंतर रेंगीपर्यंत कसे आले, ते यांना अजून आठवत नाही.

*

आलापल्लीच्या रस्त्यावर एकदा रोल आत अडकला. उजेड लागला तर सगळे फोटो जातील, म्हणून हे काळं घोंगडं पांघरून झुडपात ओणवे बसले आणि चिडून गुरगुरायला लागले. तेवढ्यात लाकडं तोडणारा एक गडी आला, थबकला आणि त्यानं कुऱ्हाड उचलली.

मी किंचाळले, "मारू नको, माझे आहेत ते!"

त्यानं कुऱ्हाड खाली घेतली. घोंगड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मंग बांधून काऊन नाई ठेवत, बाई?"

*

सिरोंच्याला गोदावरीत डोंगा मध्यावर आला आणि हे फोटोसाठी उभे राहिले. डोंगा एका अंगाला कलला, पाणी आत आलं. मंदी माझ्या मांडीवर, आणि मला पोहता येत नाही. मी रडकुंडीला येऊन "बसा हो, बसा" म्हणतेय, नावाडी तेलुगूत ओरडतोय, हे आपले काचेतच.

शेवटी नावाड्यानं हात लांब करून कॅमेरा हिसकावला आणि पाण्यावर धरला. लगेच बसले! पोरगी बुडेल म्हणून नाही, कॅमेरा बुडेल म्हणून.

*

आता हा मात्र मी सहसा सांगत नाही.

दाट सावलीत फोटो काढायचा तर कॅमेरा स्टँडवर ठेवून शटर थोडा वेळ उघडं ठेवावं लागतं. तेव्हा हे मोठ्यानं आकडे मोजायचे. मोजणं थांबेपर्यंत कोणी हलायचं नाही. पाच म्हटलं की सुटका. मंदीच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की नाकावर माशी बसली तरी ती हलत नसे.

मूलच्या जंगलात, नाल्याच्या वाळूत पडलेल्या एका झाडावर आम्ही दोघी बसलो होतो. पाठीशी बांबूचं बेट. हे मोजू लागले. पाच झाले आणि थांबलेच नाहीत. सहा. सात. आठ. यांचे डोळे कॅमेऱ्यावर नव्हते, आमच्या डोक्यांवरून मागे लागले होते. चेहऱ्यावर रक्त उरलं नव्हतं. आवाज मात्र वर्गात पाढे म्हणवून घ्यावेत तसा.

मागे पाचोळा चुरचुरला. उग्र वास आला. मला कळलं. मंदीला कळलं नाही, ती फोटोसाठी हसत बसली होती. तिला जवळ ओढावं असं फार वाटत होतं, पण हात हलवायची हिंमत नव्हती. हिनं मागं वळून पाहू नये, एवढंच मी मनात म्हणत होते. हे मोजत राहिले. पुढे पुढे आवाज फाटायला लागला, पण आकडा चुकला नाही.

मग हे एकदम वाळूत बसले. सोनबा आमच्या मागे जाऊन पाहून आला. "गेला," म्हणाला. वाळूत वाघाचे ओले पंजे उमटले होते, आम्ही बसलो होतो तिथून दोन हातांवर.

तो फोटो फार उजेड खाऊन कोरा, पांढराफटक निघाला. यांनी त्याला काच आणि चौकट करवून बैठकीत टांगला. नवा पाहुणा आला की विचारतो, "मास्तर, यात कोण हाय जी?"

"सगळे हायेत," हे म्हणतात.