सेनापतीचे दहा गुण

आमच्या छापखान्याचा फोरमन नव्या कामगारांना पुढारपणावर व्याख्यानं झोडतो. ती विद्या त्याने कुठे मिळवली, ते मला विचारा. कॉलेजात मी त्याच्याच बाकावर बसायचो.

शेवटच्या वर्षी तो वर्गाचा प्रतिनिधी होता, म्हणून आम्ही त्याला सेनापती म्हणायचो. पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा आला तर आधी सेनापती उठणार आणि त्याच्यामागून सगळा वर्ग बाहेर पडणार, असं कॅन्टीनमध्ये शपथेवर ठरलं. पेपर नेमका तसाच आला. "चला रे!" म्हणून सेनापती ताठ मानेने निघाला, तो थेट फाटकापर्यंत. तिथे वळून बघतो, तर मागे चिटपाखरू नाही!

धापा टाकत परत आला, तर दारात सर उभे.

"बाहेर गेलेल्याला आत घेत नाही. तू उठलास म्हणून पेपरातली चूक कळली; बसलेल्यांना मात्र दहा गुण वाढवून मिळणार."

त्याचं वर्ष बुडालं. निकालाच्या दिवशी आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली. "नेता असावा तर असा, लेका!"

पुढच्या वर्षी तो मागून आलेल्या मुलांबरोबर पुन्हा त्याच वर्गात बसला. तिथली प्रतिनिधी एक भाबडी मुलगी होती. परीक्षेआधी तिने त्याला विचारलं, "दादा, पेपर तसाच आला तर मी उठते. तुम्ही याल ना?"

"तू हो पुढे, ताई. मी आहे ना मागे!"

पेपर तसाच आला. ती उठून एकटीच फाटकापर्यंत गेली. हा मान खाली घालून लिहीत बसला आणि तिच्यामुळे मिळालेल्या वाढीव दहा गुणांवर पास झाला.