तळमजल्यावरच्या काकांना काही होत नाही

आमच्या तळमजल्यावरच्या काकांइतका धडधाकट माणूस अख्ख्या सुकापुरात सापडायचा नाही, असं खुद्द काकांचंच मत होतं. आमची इमारत त्यांच्याच भातशेतीच्या जागेवर उभी आहे. शेत गेलं, पण ताकद दाखवायची सवय राहिली. लिफ्ट बंद पडली की काका कुणाचाही भरलेला सिलिंडर खांद्यावर टाकून चौथ्या मजल्यावर पोचवत आणि चहालाही न थांबता खाली उतरत. लागलेला दम कुणाला दिसू नये म्हणून. एकदा दारात बोट चेंगरून नख काळंनिळं झालं. काकूंनी बर्फ आणून दिला, तो त्यांनी सरबतात टाकला. "बाप्या मानसाला एवढ्यातेवढ्यानं काय होत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

धाकटा भाऊ अचानक गेला, तेव्हाही काका आल्यागेल्यांना पाणी देत हिंडत होते. डोळ्यांत टिपूस नाही. लोकांनी त्याचं कौतुकच केलं. दोनेक महिन्यांनी मात्र त्यांची छाती धडधडू लागली, झोप उडाली. हृदयाच्या तपासण्या चोख निघाल्या, तेव्हा डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं. काका तडक माझ्याकडे आले.

"तू चल. नाव तुझं सांगू."

पनवेलला पोचेपर्यंत भेटेल त्या ओळखीच्या माणसाला त्यांनी सांगितलं, "याला झोप येत नाय बिचाऱ्याला." दवाखान्यात माझ्या नावाचा केसपेपर निघाला. आत डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "काय होतंय?" मी तोंड उघडायच्या आत काका सुरू झाले.

"याची छाती धडधडते. भाऊ गेलाय याचा. हा मोठा हाय ना, हा रडला तर बाकीच्यांनी कुनाकडं बघायचं? म्हनून न्हाणीत नळ सोडून उभा रातो. पन तिथंपन रडू येत नाय मला."

‘मला’ तोंडातून निसटलंच. बाईंनी केसपेपरवरचं माझं नाव शांतपणे खोडलं.

"भावाचं नाव काय होतं?" त्यांनी काकांना विचारलं.

काकांनी नाव सांगितलं. मग त्याला खाडीत पोहायला कसं शिकवलं, ते सांगू लागले. मी उठून बाहेर जाऊन बसलो.

आता ते महिन्यातून एकदा एकटेच रिक्षाने जातात. परवा जिन्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, "सकाळी चा पितापिता भावोजींची आठवन काढून रडले. तीस वर्सांत पयल्यांदा बघितलं मी. मंग नुसती बाजूला बसून रायले."