दिव्याखालची पाठ

शिरूरच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात मी बारा वर्षं सिस्टर होते. पाठीला पट्ट्या चिकटवून घरी पाठवलेला माणूस परत काय करून येईल, याचा नेम नसायचा! किस्से साठतच गेले.

टेस्ट तशी साधी. साबण, क्रीम, अत्तर, जे काय माणूस लावतो ते पाठीवर दोन सारख्या रांगांत चिकटवायचं. दोन दिवसांनी पट्ट्या काढून एकाच रांगेवर उन्हासारख्या दिव्याचा झोत सोडायचा. फक्त तिथंच लाल उठलं, तर ती वस्तू उन्हात छळते.

*

वरवंडचे आप्पा दोन दिवसांनी एकच रांग घेऊन आले. दुसरी कुठं गेली विचारलं, तर धाकट्या भावाला पुढं केलं. "ह्यालाबी खाज हाय. म्हनलं, निम्मी त्याला द्यावी."

डॉक्टरांनी नवा केसपेपर काढला, भावाच्या नावाचा.

*

एक आबा हटूनच बसले, तोंडाला पाण्याशिवाय काही लावत नाही म्हणून. मागून त्यांच्या बायकोनं पिशवी उघडली. तुरटी, पावडर, अत्तर आणि नातीचं फेअरनेस क्रीम!

त्या दिवसापासून दवाखान्याचा नियमच झाला. नवरा आला तर बायको हवी, बायको आली तर नवरा.

*

हा नियम पावला तो मंदाताईंना. त्या तळेगाव ढमढेऱ्याला अंगणवाडी चालवायच्या. उन्हात गेल्या की गाल आणि मान सुजायची. लागण होईल या भीतीनं आयांनी पोरं पाठवणंच बंद केलं, वर ताईंना काढा म्हणून अर्जही दिला. टेस्टमध्ये त्यांच्या एकाही वस्तूनं लाल उठलं नाही. "मंग मला झालंय तरी काय, सिस्टर?" मला फार वाईट वाटलं.

नवऱ्याला बोलावलं. ते दारात आले, त्यांच्याआधी दाढीच्या लोशनचा वास आत आला. डॉक्टरांनी बाटली मागवली आणि ताईंची टेस्ट पुन्हा लावली. दिव्याच्या रांगेत लालभडक उठलं.

"पन लोशन तर मी लावतो," नवरा म्हणाला. डॉक्टर केसपेपर बघत राहिले, मी खिडकीबाहेर.

ताईंनी चिठ्ठी लिहून मागितली. लागण होत नाही, सुजेचं कारण नवऱ्याचं लोशन. आयांना अंगणवाडीत बोलावून त्यांनी ती मोठ्यानं वाचली. मग एक म्हातारी उठली, नातीला ताईंच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "त्याला म्हनावं, दाढी ठेव आता."